न दुखणाऱ्या रोगाचा ताप

आज हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून झाले की राज्यातल्या गावोगावी ग्रामसभा भरतील. जिल्हाधिकाऱ्यांचा संदेश वाचला जाईल, सरपंच चार शब्द बोलतील, हात पुढे करून प्रतिज्ञा म्हटली जाईल आणि कुष्ठरोगाविषयीच्या 'स्पर्श' मोहिमेचा पंधरवडा सुरू होईल. २०१७ पासून हा परिपाठ ठरून गेला आहे. कुष्ठरोग निवारण दिन गांधीजींच्या पुण्यतिथीलाच का, हे निदान महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. सेवाग्रामच्या आश्रमात संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालिश केली. तिथून जवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम उभे केले होते. पुढे अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आले, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आले. या रोगाभोवतीची माणुसकी आपल्याला शिकवायला बाहेरून कोणी आले नाही.

आज वाचल्या जाणाऱ्या संदेशात, भिंतींवरच्या घोषणांत आणि आशाताईंच्या हातातल्या तक्त्यावर एक वाक्य असतेच. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्या जागी बधिरता, दुखत नाही, खाजत नाही. वाक्य खरे आहे आणि त्याने हजारो रुग्ण वेळेत औषधापर्यंत पोहोचवले आहेत. पण ते निम्मेच खरे आहे. कुष्ठरोग दरवेळी चोरपावलांनी येत नाही. कधी तो फणफणून ताप घेऊन येतो, सांधे धरतो, अंगभर लालबुंद गाठी उठवतो, एका रात्रीत चेहरा सुजवतो, आठवडाभरात पाऊल लुळे पाडतो. रुग्ण कळवळून दवाखान्यात येतो. आणि जो रोग 'दुखत नाही' म्हणून घोकून घेतला आहे, त्याचे नाव या दुखण्याला द्यावे असे तिथे कोणालाच सुचत नाही. आज बोलायचे आहे ते या उरलेल्या निम्म्याविषयी.

पावसाळा सरता सरता आलेला तिशीतला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी ताप चढतो. मनगटे, घोटे, गुडघे धरलेले. दंडांवर, मांड्यांवर, चेहऱ्यावर बोराएवढ्या लाल गाठी. हात लागला की कळ मस्तकात जाते. दोन-चार दिवसांत त्या जांभळट होऊन विरतात, तोवर शेजारी दुसऱ्या उठतात. एक डोळा लाल, उजेड सोसत नाही. कधी काखेत अवधाण, कधी वृषण सुजलेले. दिवस डेंगी-चिकुनगुन्याचे, तेव्हा रक्त तपासले जाते. पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, प्रतिजैविके सुरू होतात. ताप हटत नाही. मग मोठ्या गावात मोठ्या तपासण्या. त्यात संधिवाताचा घटक 'पॉझिटिव्ह' येतो. आमवात म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होतात आणि काय आश्चर्य, दोन दिवसांत माणूस उठून बसतो! निदान बरोबर निघाले, डॉक्टर देवमाणूस. गोळ्या कमी केल्या की पुन्हा तेच. असे वर्ष जाते, दोन वर्षे जातात.

हा कोणी एक माणूस नाही. थोड्याफार फरकाने असा इतिहास भारतातल्या आणि भारताबाहेरच्या वैद्यकीय नियतकालिकांत इतक्या वेळा छापून आला आहे की त्याचे आता अप्रूप राहिलेले नाही. कोणाला आमवात म्हणून, कोणाला ल्युपस म्हणून, कोणाला रक्तवाहिन्यांचा दाह म्हणून, तर कोणाला 'कारण न सापडलेला ताप' म्हणून महिनोन्महिने हिंडवले गेले. शेवटी कोणीतरी गाठीचा लहानसा तुकडा तपासायला पाठवला, किंवा कोणाची तरी नजर कानाच्या जाड झालेल्या पाळीवर गेली. या माणसाच्या अंगावर बधिर चट्टा नव्हताच. कुष्ठरोगाच्या ज्या टोकाला जंतू सर्वांत जास्त, त्या लेप्रोमॅटस प्रकारात सुरुवातीला तो नसतोही. त्वचा सगळीकडून थोडी तकतकीत, किंचित जाड. भुवया बाहेरच्या बाजूने विरळ. नाक कायमचे चोंदलेले. पायाला हलकी सूज. 'तब्येत सुधारली, चेहऱ्यावर तेज आलं' असे नातेवाईक कौतुकाने म्हणत असतात तेव्हा कातडीत जंतूंची वस्ती झालेली असते.

दुसरे चित्र याहून घाईचे. बाळंतपण नीट पार पडले. महिना-दीड महिन्यात गालावरचा एक जुना, कोणाच्या लेखी नसलेला फिकट डाग अचानक लाल होऊन वर उचलून आला, चेहरा सुजला. घरच्यांनी पित्त उठले म्हटले, डॉक्टरांनी ॲलर्जी म्हटले. कोणी धावरे म्हणून लेपही लावला. मग कोपरापासून करंगळीपर्यंत चमका येऊ लागल्या. पंधरा दिवसांत करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकू लागले, डोळ्याची पापणी पुरती मिटेना. तोंडावरून वारे गेले, बाळंतरोग झाला, म्हणून शेकशेगडी वाढली. गरोदरपणात शरीराची एक विशिष्ट प्रतिकारशक्ती जरा मवाळ होते आणि बाळंतपणानंतर ती पूर्वपदावर येते. आत दडलेल्या जंतूंवर ती नेमकी याच वेळी तुटून पडते, हे वैद्यकाला चांगले माहीत आहे. एचआयव्हीवरची औषधे सुरू केल्यावर शक्ती परतते तेव्हाही हेच घडू शकते.

दोन्ही चित्रांत जे घडते त्याला कुष्ठरोगाच्या दवाखान्यांत सरळ 'रिॲक्शन' म्हणतात. 'पेशंट रिॲक्शनमध्ये आहे' एवढे म्हटले की तिथल्या जुन्या परिचारिकेपासून फिजिओथेरपिस्टपर्यंत सगळे हातातले काम सोडतात. हा रोग एरवी कमालीचा संथ आहे. १८७३ साली नॉर्वेत हान्सेनने शोधलेला हा जंतू एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस घेतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमात तो आजवर कोणाला वाढवता आलेला नाही. तो स्वतः फारसे विषही सोडत नाही. हातपाय वाकडे होतात, डोळे जातात, त्यातला मोठा वाटा जंतूचा नसून त्याच्याविरुद्ध उठलेल्या आपल्याच प्रतिकारशक्तीचा असतो.

रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली या रोगाचा पट मांडला. एका टोकाला प्रतिकार जबर, म्हणून जंतू मोजके आणि चट्टे एखाद-दुसरे. दुसऱ्या टोकाला प्रतिकार जवळजवळ नाही, म्हणून जंतू अगणित. मधल्या पट्ट्यातले रुग्ण अस्थिर असतात. पेशींच्या जोरावर चालणारी प्रतिकारशक्ती तिथे अचानक जागी झाली की पहिल्या प्रकारची रिॲक्शन येते: आधीचे चट्टे फुलतात आणि ज्या मज्जातंतूंत जंतू आहेत ते सुजतात. कोपराच्या आतल्या बाजूचा मज्जातंतू हाडाच्या अरुंद खाचेतून जातो. सुजायला तिथे जागाच नाही. आतल्या आत दाबला जाऊन तो काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निकामी होतो. जंतूंनी भरलेल्या टोकाकडचे मधले रुग्ण आणि त्या टोकाचे रुग्ण यांच्यात दुसरा प्रकार येतो. जंतूंचे अवशेष आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे यांची जाळी रक्तातून ठिकठिकाणी जाऊन बसतात आणि त्वचेपासून सांध्यांपर्यंत, डोळ्यांपासून मूत्रपिंडांपर्यंत दाह पेटतो. हाच तो गाठींचा ताप, वैद्यकीय भाषेत एरिथेमा नोडोसम लेप्रोसम, बोलताना 'ईएनएल'. हैदराबादेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लेप्रोमॅटस टोकाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना तो कधी ना कधी झाल्याचे दिसले. क्वचित घडणारी गोष्ट म्हणून ती बाजूला सारता येणार नाही.

आणि रिॲक्शन वेळापत्रक पाळत नाही. जंतू मारणारा बहुविध औषधोपचार चालू असताना, विशेषतः पहिल्या वर्षात, ती सर्वाधिक दिसते, कारण मेलेल्या जंतूंचे तुकडे शरीरात मोकळे होत असतात. उपचार संपल्यावर, जंतू मेल्यावरही ती येते. ते अवशेष निचरून जायला वर्षे लागतात. आणि काहींच्या बाबतीत ती सगळ्याच्या आधी येते. रोगाची पहिली ओळखच रिॲक्शनने होते. सर्वांत जास्त चुका याच रुग्णांच्या बाबतीत होतात, कारण त्यांच्या हातात कुष्ठरोगाचे कार्ड नसते, नाव कोणत्याच नोंदवहीत नसते.

डॉक्टरांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. तसे करू नये, कारण हा रोग चकवतो तो अगदी तपासणीच्या कागदावरही. लेप्रोमॅटस रुग्णांत संधिवाताचा घटक, ल्युपससाठी तपासली जाणारी प्रतिपिंडे, गुप्तरोगाची व्हीडीआरएल तपासणी हे सगळे खोटे 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. कागद आमवात म्हणतो, सांधे आमवात म्हणतात, तर डॉक्टरने आमवात म्हणू नये का? त्याने म्हणावे, पण आमवातात भुवया झडत नाहीत, बोटांची टोके बधिर होत नाहीत आणि कोपरामागचा मज्जातंतू सुतळीसारखा हाताला लागत नाही, एवढे त्याने पाहिलेले असावे.

खरी गफलत होते ती स्टिरॉइडपाशी. रिॲक्शनवरचे मुख्य औषध प्रेडनिसोलोन हेच आहे. म्हणजे चुकीच्या निदानावर दिलेले औषधही बरोबर लागू पडते! दाह शमतो, ताप उतरतो, रुग्ण दुवा देतो आणि शंका घ्यायचे कारणच उरत नाही. मात्र जंतू मारणारी औषधे सोबत नसतात. दडपलेल्या प्रतिकारशक्तीच्या आड जंतू निवांत वाढतात. पुढची रिॲक्शन येते तेव्हा जंतू आणखी जास्त आणि मज्जातंतू आणखी खराब. अलीकडे संधिवातासाठी प्रतिकारशक्तीच्या एकेका दुव्याला रोखणारी महागडी 'बायोलॉजिक' इंजेक्शने आली आहेत. ती घेताना दडलेला कुष्ठरोग उघडा पडल्याचे आणि ती थांबवल्यावर जोरदार रिॲक्शन आल्याचे रुग्णही नोंदले गेले आहेत. ही इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी आपल्याकडे क्षयरोगाची तपासणी केली जाते. कुष्ठरोगासाठी कातडी आणि मज्जातंतूंवर एकदा हात फिरवण्याची पद्धत मात्र अजून पडलेली नाही.

आमच्या मते हात फिरवणे हाच या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. या निदानाला ना मोठे यंत्र लागते ना मोठा खर्च. शर्ट काढायला लावून दिवसाउजेडी पाठ पाहायची. कानाच्या पाळ्या चिमटीत धरायच्या. मानेच्या बाजूला, कोपराच्या आत, मनगटाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस आणि घोट्यामागे मज्जातंतू चाचपायचे. ते जाड आहेत का, दाबल्यावर रुग्णाचा चेहरा वेडावाकडा होतो का, ते पाहायचे. कापसाच्या बोळ्याने किंवा बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करून विचारायचे. डोळे घट्ट मिटायला लावायचे, करंगळी बाजूला न्यायला सांगायची, पाऊल वर उचलायला सांगायचे. चालताना पायातली चप्पल नकळत निसटून मागे राहते का, हा प्रश्न तर तालुक्याच्या बाजारातही विचारता येईल. एवढ्यावर संशय आला की कानाच्या पाळीतून आणि भुवईजवळून कातडीला लहानशी चीर देऊन काढलेला द्राव रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. रिॲक्शनमधल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवताना 'कुष्ठरोगाचा संशय' हे दोन शब्द चिठ्ठीवर लिहायचे, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट त्यासाठीचा खास रंग वापरतो. ते न लिहिल्यामुळे काचेखाली समोर असलेले जंतू रंगाविना दिसलेच नाहीत, असे होऊ शकते.

मग हे होत का नाही? पहिले कारण घोषणेतले. १९९१ साली जागतिक आरोग्य सभेने ठरवले की दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण उपचाराखाली असले की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाले असे मानावे. भारताने ती रेषा डिसेंबर २००५ मध्ये ओलांडली. आनंदाची गोष्ट होती. बहुविध औषधोपचाराचे ते निर्विवाद यश होते. पण हा आकडा नोंदवहीवरच्या रुग्णांचा आहे, आणि उपचाराचा काळ जितका आखूड तितकी नोंदवही छोटी. १९९८ साली जंतूबहुल रुग्णांचा उपचार चोवीस महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणला गेला, त्याला वैद्यकीय कारणे होती. त्याने नोंदवहीही हलकी झाली. देशात आजही वर्षाकाठी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. तरी 'कुष्ठरोग गेला' हे वाक्य लोकांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनात असे बसले की परीक्षेपुरते दोन प्रश्न सोडले तर विद्यार्थ्याच्या लेखी तो धडा इतिहासात जमा झाला.

दुसरे कारण ज्ञानाच्या मुक्कामाचे आहे. रिॲक्शन ओळखण्याची, ती उतरवण्याची आणि वाकू लागलेले बोट वाचवण्याची जाण आपल्या राज्यात नव्हती असे नाही. ती होती कुष्ठरोगाच्या संस्थांच्या आवारात. मुंबईचे पालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या प्रयत्नांतून १८९० साली माटुंग्याला उभे राहिलेले, आज वडाळ्यात त्यांच्याच नावाने चालणारे रुग्णालय. वर्ध्याचे १९५१ सालचे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान. मिरज आणि कोठाऱ्याची मिशनची रुग्णालये. (हे ॲकवर्थसाहेब म्हणजे मराठी पोवाडे गोळा करून शाळिग्रामांच्या जोडीने छापणारेच. रोग्यांना शहराबाहेर ठेवू पाहणाऱ्या त्या काळातला हा माणूस आपल्याला दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी आठवावा लागतो.) या आवारांतल्या तंत्रज्ञांची बोटे अशी सरावलेली होती की अंधारातही त्यांनी सुजलेला मज्जातंतू सांगितला असता. पुढे कुष्ठरोगाचा कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाला. धोरण म्हणून ते योग्यच होते. वेगळा दवाखाना म्हणजे कपाळावर शिक्का; तो पुसायलाच हवा होता. पण इमारतीतला कार्यक्रम हलवता आला तसा बोटांतला सराव हलवता आला नाही. ती माणसे निवृत्त झाली. कातडीची चीर घेऊन नमुना वाचणारा तंत्रज्ञ आज किती ग्रामीण रुग्णालयांत सापडेल, याची चौकशी चंद्रपूर, गडचिरोली किंवा पालघरच्या एखाद्या आमदाराने अधिवेशनात जरूर करावी.

तिसरे कारण जरा अवघड आहे. या रोगाचे नाव घ्यायला रुग्ण कचरतो हे आपण सतत बोलतो. डॉक्टरही कचरतो हे बोलत नाही. इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या, सोसायटीत राहणाऱ्या, विमा असलेल्या माणसाला 'तुम्हाला कुष्ठरोग असू शकेल' म्हणायला जीभ रेटत नाही. गरिबाचा रोग गरिबातच शोधायचा, ही सवय खोल गेली आहे. आखातात, इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या आपल्या माणसांना याचा वेगळा फटका बसतो. लागण इथली, दहा वर्षांपूर्वीची. ताप आणि गाठी तिथे. आणि तिथल्या डॉक्टराने हा रोग आयुष्यात पाहिलेला नाही. कुष्ठरोग्यांना डांबण्याचा अधिकार देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला, घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोग वगळायला २०१९ उजाडले. कायद्याच्या पुस्तकातून तो कलंक हळूहळू पुसला जातो आहे. दवाखान्यातल्या संकोचाला मात्र कोणी हात लावलेला नाही.

निदान झाल्यावर तरी सारे सुरळीत होते का? एक प्रसंग वारंवार घडतो. रुग्णाला औषधांचे पाकीट मिळते, तो इमानाने गोळ्या घेतो आणि तिसऱ्या महिन्यात त्याला रिॲक्शन येते. त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ असतो: चट्टा होता तेव्हा काही त्रास नव्हता, औषध घेतले आणि अंगावर उठले. तो औषध बंद करतो. त्यात क्लोफाझिमिनने कातडी काळवंडून शेजाऱ्यांचे प्रश्न सुरू झालेलेच असतात. रिॲक्शन म्हणजे औषध बाधले असे नव्हे, ती आली तरी पाकीट थांबवायचे नसते, पण दोन दिवसांच्या आत दाखवायला यायचे असते. हे पहिल्या दिवशी पाच मिनिटे बसून सांगितले असते तर तो परत आला असता. मज्जातंतूची कमजोरी ताजी, सहा महिन्यांच्या आतली असेल तर प्रेडनिसोलोनच्या पाच-एक महिन्यांच्या, हळूहळू उतरत्या मात्रेने ती पुष्कळदा भरून येते. ती मुदत टळली की शस्त्रक्रिया आणि खास पादत्राणेच उरतात.

ईएनएल याहून हट्टी. तो वर्षानुवर्षे उलटत राहतो, आणि प्रत्येक उलटीला स्टिरॉइड वाढवत नेले तर साखर, हाडे, डोळे, जंतुसंसर्ग असा नवा फेरा मागे लागतो. इथिओपियात अदिस अबाबाच्या अलर्ट रुग्णालयातल्या नोंदींनी दाखवून दिले की ईएनएलचे रुग्ण दगावतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे दीर्घकाळ चाललेल्या स्टिरॉइडचा हात असतो. 'कुष्ठरोगाने कोणी मरत नाही' हे आपले आवडते दिलाशाचे वाक्यही त्यामुळे थोडे सांभाळून वापरायला हवे.

या हट्टी दुखण्यावरचे एक औषध ज्या वाटेने सापडले ती वाट विलक्षण आहे. थॅलिडोमाइड हे झोपेचे आणि गरोदरपणातल्या मळमळीचे औषध म्हणून युरोपात सर्रास विकले गेले. हजारो बाळे हातापायांविना जन्मली आणि १९६१ च्या अखेरीस ते बाजारातून काढले गेले. तीन वर्षांनी, १९६४ साली, जेरुसलेमच्या कुष्ठरोग रुग्णालयातले डॉक्टर याकोब शेस्किन यांच्यासमोर गाठींच्या वेदनेने रात्रंदिवस तळमळणारा रुग्ण होता. कशानेच झोप येईना. त्यांनी हे बदनाम औषध केवळ झोपेसाठी दिले. रुग्ण झोपला, आणि दोन-तीन दिवसांत गाठी मावळल्या, वेदना थांबल्या. शेस्किन यांनी ते योगायोगावर सोडले नाही. इतर रुग्णांवर तपासून १९६५ साली प्रसिद्ध केले, मग रीतसर चाचणीही झाली. अमेरिकेने या औषधाला १९९८ साली मंजुरी दिली ती याच आजारासाठी. आज ईएनएलमध्ये त्याने स्टिरॉइडची गरज कमी होते. मात्र मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते देताना गर्भनिरोधाची आणि वारंवार तपासणीची सक्त शिस्त लागते. जिथे ती शिस्त पाळण्याची खात्री नाही तिथे डॉक्टर ते हाती घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण त्यामुळे बाईमाणसाच्या वाट्याला स्टिरॉइडच जास्त येते, हेही लक्षात घ्यावे लागते.

केंद्र सरकारने २०२७ पर्यंत कुष्ठरोगाचा प्रसार शून्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले आहे. संपर्कातल्या लोकांना रिफॅम्पिसिनची एक मात्रा देणे, घरोघरी शोध घेणे ही कामे त्यासाठी चालली आहेत आणि ती नेटाने व्हावीत. मात्र प्रसार उद्या थांबला तरी आज ज्यांच्या अंगात जंतू आहेत त्यांना पुढची दहा-वीस वर्षे रिॲक्शन येतच राहणार. रुग्ण जितके विरळ होतील तितका त्यांना ओळखणारा डॉक्टरही विरळ होईल. त्यामुळे हे काम कुष्ठरोग विभागाच्या कागदांत ठेवून चालणार नाही. संधिवाततज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मुख्यतः गल्लीतला डॉक्टर, ज्याच्याकडे पहिला ताप जातो, यांच्या संघटनांच्या सभांत हा विषय यायला हवा. औषध कंपनीच्या खर्चाने होणाऱ्या परिषदांत तो येणार नाही, कारण यात विकण्यासारखे फारसे काही नाही. प्रेडनिसोलोनची गोळी स्वस्त आहे. ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असणे आणि ती कधी, किती, कोणाच्या देखरेखीखाली सुरू करायची हे तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ठाऊक असणे, या दोन्ही गोष्टी मात्र गृहीत धरता येत नाहीत.

आणि एक मागणी हिशेबाची. आपण नवे रुग्ण मोजतो, त्यांतले किती निदानाच्या दिवशीच विकृती घेऊन आले तेही मोजतो. प्रत्येक रुग्णाच्या डोळ्यांचे, हातांचे आणि पायांचे गुण निदानाच्या वेळी मांडण्याची पद्धत कार्यक्रमात आहे; तेच गुण उपचाराच्या शेवटी आणि त्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा मांडता येतात. निदानाच्या दिवशी धडधाकट असलेला किती जणांचा हात आपल्या नोंदवहीत असताना किंवा नोंदवहीतून नाव काढल्यावर वाकला, तो आकडा राज्याच्या आरोग्य खात्याने जिल्हावार जाहीर करावा. पुढच्या ३० जानेवारीची वाट पाहण्याचेही कारण नाही. येत्या आर्थिक वर्षाच्या अहवालात त्यासाठी एक रकाना वाढवला की झाले.